स्लो मोशनसाठी कॅमेरा घेताय? आधी हे वाचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

क्रिकेट कोचिंगवाले, डान्स क्लासवाले, ढोल-ताशा पथकातली पोरं, पक्ष्यांच्या मागे फिरणारे काका, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. क्रम नीट लावलेला नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा, चालेल.

दादा, थेट सांगा ना, स्लो मोशनसाठी कुठला कॅमेरा घेऊ?

थेट सांगता आलं असतं तर एवढं लिहिलंच नसतं. तरी ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: गेल्या काही वर्षांतला बरा फोन असेल तर आधी त्याच्यावर २४० एफपीएसला (सेकंदाला २४० फ्रेम) शूट करून बघा, भर उन्हात, फोन ट्रायपॉडवर लावून. काम भागलं तर पैसे वाचले. नाही भागलं तर नेमकं काय कमी पडलं ते बघा, झूम की प्रकाश की रेकॉर्डिंगचे सेकंद, आणि मग पुढचं वाचा. दुकानात जाऊन "जास्तीत जास्त एफपीएसवाला दाखवा" असं मात्र म्हणू नका. तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा असतो, आणि दुकानदार नेमका तोच पहिला दाखवतो.

एफपीएस म्हणजे काय आणि त्याने किती पट स्लो होतं?

कॅमेरा एका सेकंदात किती फ्रेम काढतो तो आकडा. बघताना आपण २५ नाहीतर ३० ने बघतो. म्हणजे २४० ने काढून ३० ने दाखवलं की आठपट हळू, एका सेकंदाचे आठ सेकंद. १२० म्हणजे चौपट. ९६० म्हणजे बत्तीसपट, आणि बत्तीसपट म्हणजे किती याचा अंदाज बऱ्याच जणांना नसतो, एका सेकंदाच्या उडीला अर्ध्या मिनिटाच्या वर बघत बसायचं, तेवढ्यात रील बघणारा चार रील पुढे गेलेला असतो.

मग मला किती एफपीएस लागेल?

खरा प्रश्न हा. हिशोब करायचा तो असा की दोन फ्रेमच्या मधे तुमची वस्तू किती सरकते.

शिवाजी पार्कला नेटमध्ये एखादा पोरगा १२० किमीने बॉल टाकतोय असं धरा. १२० किमी म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मीटर. नेहमीच्या ३० एफपीएसला दोन फ्रेमच्या मधे बॉल एक मीटरच्या वर पुढे जातो, म्हणजे बॅटला लागायच्या आधी एक फ्रेम आणि लागून गेल्यावर एक, मधलं काहीच नाही. १२० ला २८ सेंटीमीटर, २४० ला १४ सेंटीमीटर, ९६० ला साडेतीन सेंटीमीटर. बॅट्समनचा फ्रंट फूट कुठे पडतोय, डोकं पडतंय का, बॅट कुठून खाली येतेय हे बघायला २४० भरपूर झाले. बॉलची सीम सरळ आहे की डगमगतेय ते बघायचं तर जास्त लागतील आणि झूमही लागेल. बॉल बॅटला चिकटलेला असतो तो साधारण एक मिलिसेकंद, तो क्षण ९६० लाही एखाद्याच फ्रेममध्ये सापडला तर सापडला, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

माणसाचं शरीर त्या मानाने हळू असतं. मल्लखांब, लावणी, खो-खोची सूर, कबड्डीची चढाई, याला १२० पुरतात, वाटलंच तर २४०. दहीहंडीला मडकं फुटून दही-पाणी उडतं तिथेही १२० ला मजा येते, कारण खाली माणसांचे चेहरेही बघायचे असतात आणि ते फार हळू केले की मेल्यासारखे दिसतात. ताशाच्या काड्यांना मात्र २४० हवेतच. थेंब पाण्यात पडून मुकुटासारखा उसळतो, त्याला ५०० ते १००० असले तर बरे. फुगा फुटताना रबर फाटत जाताना बघायचंय? सोडून द्या, ग्राहकाच्या कॅमेऱ्यात एका फ्रेमला फुगा असतो आणि पुढच्या फ्रेमला नसतो.

बॉक्सवर १००० एफपीएस लिहिलंय आणि कॅमेरा स्वस्तात मिळतोय, घेऊ का?

बारीक अक्षरात रिझोल्युशन लिहिलेलं असतं ते आधी वाचा.

सर्वसामान्य माणसाच्या हातात हायस्पीड आणण्याचं काम खऱ्या अर्थाने कॅसिओने केलं, २००८ साली, एक्झिलिम ईएक्स-एफ१ काढून. त्यात ३०० एफपीएसला चित्र ५१२ बाय ३८४, ६०० ला ४३२ बाय १९२ आणि १२०० ला ३३६ बाय ९६. हो, उंची फक्त ९६ पिक्सेल. आजच्या फोनच्या स्क्रीनवर ती एक पट्टी दिसते. नंतर कॅसिओचेच खिशात मावणारे स्वस्त कॅमेरे आले, त्यात १००० एफपीएसला २२४ बाय ६४ वगैरे. निकॉन १ जे१ मध्ये २०११ ला १२०० एफपीएस होते, ३२० बाय १२०.

यात फसवाफसवी नाही, सेन्सर (उजेडाचं चित्र बनवणारी कॅमेऱ्यातली चिप) एका सेकंदात ठराविकच पिक्सेल वाचून बाहेर काढू शकतो. पीठ तेवढंच, पोळ्या जास्त हव्या असतील तर लहान लाटाव्या लागणार. नवीन सेन्सर बरेच पुढे गेलेत पण नियम तोच आहे. सोनीच्या आरएक्स१०० मार्क ४ मध्ये (२०१५) २४० एफपीएसला सेन्सरवरून १८२४ बाय १०२६ वाचलं जातं, म्हणजे जवळपास फुल एचडी, पण ९६० ला ११३६ बाय ३८४ च, आणि तेच ताणून १९२० बाय १०८० ची फाइल बनते. फाइलवर फुल एचडी लिहिलेलं असतं, चित्र मात्र मऊ मऊ दिसतं. म्हणून विचारायचं असं: "मला हव्या त्या एफपीएसला खरं रिझोल्युशन किती?" यावर दुकानदार गडबडला तर समजून जा.

माझ्या मते ७२० पीच्या (१२८० बाय ७२०) खाली जाऊ नये. ज्यांना फक्त अ‍ॅनालिसिस करायचंय, कुणाला दाखवायचं नाही, ते जाऊ शकतात.

फोनमध्येच ९६० एफपीएस आहे, मग कॅमेऱ्याला पैसे कशाला घालायचे?

फोनचे २४० आणि फोनचे ९६० या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २४० मस्त चालतात. आयफोन ६ मध्ये २०१४ ला ७२०पीला २४० आले, २०१७ च्या आयफोन ८ पासून १०८०पीला, आता मधल्या किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइडलाही आहेत आणि हवं तेवढा वेळ रेकॉर्ड होतं. २०२४ चा आयफोन १६ प्रो तर ४केला १२० देतो.

९६० ची गोष्ट वेगळी. सोनीने २०१७ ला एक्सपीरिया एक्सझेड प्रीमियममध्ये सेन्सरच्या पोटातच मेमरी बसवली, पुढच्या वर्षी सॅमसंगच्या एस९ मध्येही ९६० आलं. पण ती मेमरी भरते ०.२ सेकंदात. रुपयाचं नाणं वीतभर उंचीवरून सोडलं तर खाली पडायला लागतो तेवढा वेळ. बॅट्समन शॉट मारतोय आणि तुम्ही नेमक्या त्या ०.२ सेकंदाला बटण दाबताय असं होत नाही हो, होतं ते नशिबाने. काही फोनमध्ये हालचाल दिसली की आपोआप सुरू होतं, पण मागून कोणी गेलं तरी सुरू होतं. मैदानात मागून कायम कोणीतरी जातच असतं.

शिवाय काही फोनमध्ये ते ९६० खरे नसतातच, मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर बनवतं. ते कसं पकडायचं ते पुढच्या प्रश्नात.

खरे एफपीएस आहेत की बनवलेले, कसं ओळखायचं?

दुकानात उभ्या उभ्या होतं. मेजरिंग टेप एक मीटर उघडून काउंटरच्या कडेला उभी धरायला लावा, वरून एक रुपया सोडा, आणि टेप पूर्ण फ्रेममध्ये येईल असं कॅमेरा आडवा न हलवता शूट करा. एक मीटर पडायला नाण्याला ०.४५ सेकंद लागतो, हे न्यूटनच्या काळापासून बदललेलं नाही. म्हणजे २४० एफपीएसला सोडल्यापासून आपटेपर्यंत साधारण १०८ फ्रेम मिळायला हव्यात, १२० ला ५४. फाइल लॅपटॉपवर टाकून एकेक फ्रेम पुढे सरकवून मोजा, दोन-चार इकडेतिकडे चालतात.

आता नाण्याकडे नीट बघा. प्रत्येक फ्रेमला ते थोडं थोडं खाली यायला हवं आणि दोन फ्रेममधलं अंतर वाढत जायला हवं. एक फ्रेम सरकलं, पुढच्या फ्रेमला तिथेच, मग परत सरकलं असं दिसलं तर फ्रेम डबल केल्यात. आणि नाण्याच्या कडेला धुरकट सावली किंवा टेपवरचे आकडे नाण्याजवळ वितळल्यासारखे दिसले तर मधली फ्रेम सॉफ्टवेअरने रंगवलीय, कारण टेपवरचे आकडे काही हलत नव्हते. फोनच्या ९६० ला पूर्ण मीटर मावत नाही, तिथे २० सेंटीमीटरवरून सोडा आणि साधारण १९० फ्रेम मोजा.

दुकानदार वैतागतो, खरंय. पण गर्दीची वेळ टाळून गेलात तर तोही उत्सुकतेने बघत बसतो.

घरात किंवा हॉलमध्ये शूट केलं की व्हिडिओ लुकलुकतो, कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा ठणठणीत आहे, लाइटचा वांदा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, स्लो केलं की सगळं बाहेर येतं. २४० ने काढून ३० ने दाखवलं तर तीच फडफड सेकंदाला साडेबारा वेळा दिसते, डोकं दुखायला लागतं. १२० ला काढलं तर सेकंदाला पाच वेळा, म्हणजे संथपणे उजेड-अंधार, उजेड-अंधार.

यावर उपाय आहेत. पहिला आणि फुकटचा: कॅमेऱ्यात १०० एफपीएसचा मोड असेल (सेटिंग पाल, म्हणजे आपल्याकडची ५० हर्ट्झवाली व्हिडिओ पद्धत, केलं की बऱ्याच कॅमेऱ्यांत १२० चे १०० होतात) तर तो वापरा. प्रत्येक फ्रेम ट्यूबच्या एकेका झपाक्याला बरोबर पडते, फडफड जवळजवळ जाते. शाळेच्या हॉलमध्ये, जिमखान्यात, ट्यूबलाइटखालच्या डान्स क्लासमध्ये मी दुसरं काही सुचवतच नाही.

दुसरा, लाइट बदला. एलईडी सगळे सारखे नसतात, चांगल्या ड्रायव्हरवाला स्थिर असतो, फुटपाथवरचा स्वस्तातला ट्यूबपेक्षाही जास्त फडफडतो. लाइट विकत घ्यायच्या आधी दुकानातच फोनच्या स्लो मोशनमध्ये शूट करून बघा, दहा सेकंदांत कळतं. डिमरवाल्या एलईडी पॅनलला उजेड कमी केला की फडफड सुरू होऊ शकते, म्हणून फुल्लवर ठेवून लांब न्या. बॅटरीवर चालणारा साधा डीसी एलईडी निवांत. जुना मोठा हॅलोजन बराच स्थिर असतो कारण त्याची तार तेवढ्यात थंड होत नाही, पण मे महिन्यात बंद खोलीत हजार वॉटचा हॅलोजन लावून बघा, तुम्हीच वितळाल.

तिसरा उपाय म्हणजे बाहेर पडा. सूर्य फडफडत नाही.

दहीहंडी किंवा गणपतीच्या मिरवणुकीला रात्री मंडळाचे फ्लडलाइट असतात, तिथे काहीच आपल्या हातात नसतं, आधी फोनवर चाचणी करून ज्या कोपऱ्यातला लाइट स्थिर आहे तिथे उभं राहायचं.

उजेड किती लागतो?

वाटतो त्यापेक्षा कितीतरी जास्त. ३० चे २४० केले की प्रत्येक फ्रेमला आठवा हिस्सा प्रकाश, ९६० ला बत्तिसावा. दुपारच्या कडक उन्हात आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) १०० आणि एफ/४ (लेन्सचं तोंड किती उघडं) ला शटर (एका फ्रेमसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/१६०० सेकंदापर्यंत जातं, म्हणजे २४० ला सगळं सुखात. जुलैच्या ढगाळ दुपारी तोच कॅमेरा तेवढ्याच शटरला आयएसओ ८०० च्या वर मागतो. आणि ट्यूबलाइटच्या खोलीत ९६० लावलं तर चित्रात फक्त वाळू दिसते.

शटरबद्दल लोक विसरतात. एफपीएस २४० आहेत म्हणून फ्रेम धारदार येईल असं नाही. शटर १/४८० असेल तर तो १२० किमीचा बॉल एका फ्रेममध्येच ७ सेंटीमीटर सरकतो, म्हणजे बॉलएवढाच लांब डाग येतो. १/२००० केलं तर दीड-पावणेदोन सेंटीमीटर, आता सीम दिसायला लागते. दिसायला सुंदर व्हिडिओ हवा असेल तर एफपीएसच्या दुप्पट शटर ठेवा, चुका शोधायच्या असतील तर शटर जमेल तेवढं वर न्या. ज्या कॅमेऱ्यात किंवा फोनच्या अ‍ॅपमध्ये शटर हाताने लावता येत नाही तो अ‍ॅनालिसिससाठी अर्धाच कामाचा.

मला हँडीकॅमच हवाय, हातात पट्टा वगैरे, मिळेल का स्लो मोशनवाला?

प्रश्न गोड आहे पण आता या वर्गात फार काही उरलेलं नाही. एके काळी होतं, २००७ च्या आसपासच्या सोनीच्या हँडीकॅममध्ये स्मूथ स्लो रेक नावाची सोय होती, तीन सेकंद शूट करायचं आणि बारा सेकंद बघायचं, चित्र जरा घाण व्हायचं पण लग्नात फुलं उधळताना लोक खूश. मग २०११ ला जेव्हीसीने जीसी-पीएक्स१० काढला, ६४० बाय ३६० ला ३०० एफपीएस, झूम चांगला, खेळाच्या कोचसाठी खरोखर विचार करून बनवलेला. सेकंडहँडमध्ये कधीतरी दिसतो.

आज दुकानात नवा मिळणारा स्वस्त हँडीकॅम साधारण ५०पी देतो, म्हणजे फार तर दुप्पट स्लो. त्याला स्लो मोशन म्हणून विकतात तेव्हा मला हसू येतं. वरच्या वर्गात सोनीचा एफडीआर-एएक्स७०० (२०१७) आहे, एक इंची सेन्सर, थोडे सेकंद ९६० पर्यंत सुपर स्लो, पण त्याच्या किमतीत मिररलेस (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) येतो. लांब झूम आणि हातातली पकड हीच गरज असेल, उदाहरणार्थ शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगोंचा थवा उडताना हवा असेल, तर सोनीचे आरएक्स१० मार्क ३ आणि ४ बघा. दिसायला हँडीकॅम नाहीत पण ६०० मिमीच्या तोडीचा झूम आणि हायस्पीड दोन्ही एकाच डब्यात, आणि आज दुसऱ्या कुणाकडे हे असं एकत्र मिळत नाही असं माझं मत.

गोप्रो, आरएक्स१०० की मिररलेस?

गोप्रो: हिरो६ (२०१७) पासून १०८०पीला २४०, हिरो१० पासून २.७केला २४० आणि ४केला १२०, हिरो१३ मध्ये (२०२४) ७२०पीला ४०० चा बर्स्ट, तोही पंधरा सेकंद, जे फोनच्या ०.२ पुढे चैन आहे. पाण्यात जातो, आपटला तरी चालतो. पण लेन्स रुंद. बाउंड्रीवरून बॅट्समन मुंगीएवढा दिसतो. स्टंपच्या मागे, स्विमिंग पूलमध्ये, स्केटबोर्डखाली, सायकलच्या हँडलवर, अशा जवळच्या कामाला एक नंबर. अंधारात बेकार.

आरएक्स१०० मार्क ४, ५, ६, ७: खिशात मावतो, ९६० पर्यंत जातो (पालला १०००), पण सलग नाही. क्वालिटी मोडला मार्क ४ दोन सेकंद पकडतो, मार्क ५ ने ते दुप्पट केले. पद्धत अशी की आधी स्टँडबायला टाकायचा, तिथे फोकस आणि एक्सपोजर लॉक होतात, मग बटण. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे एंड ट्रिगर: बॉल बॅटला लागून गेला, मग बटण दाबलं, तरी कॅमेरा मागचे दोन सेकंद ठेवतो. क्रिकेटला, विजेला, उडणाऱ्या पक्ष्याला, जिथे कधी होणार ते माहीत नसतं तिथे या एका सोयीसाठी हा कॅमेरा घ्यावा. त्रास असा की नंतर फाइल लिहायला वेळ घेतो आणि तोवर तुम्ही नुसते उभे. ओव्हरमधला प्रत्येक बॉल मिळणार नाही, हे कोच लोकांनी आधीच लक्षात घ्या.

मिररलेस: पॅनासॉनिक जीएच५ फुल एचडीला १८०, जीएच६ ३०० पर्यंत. सोनीचा ए७एस मार्क ३ (२०२०) ४केला १२० आणि फुल एचडीला २४०, आणि अंधारात बाकीच्यांना झोपवतो. सलग रेकॉर्ड होतं, लेन्स हवी ती लावा. पैसा लागतो, लेन्सला आणखी लागतो.

फक्त मुलाची बॅटिंग बघायची असेल तर यातलं काहीच घेऊ नका, फोन आणि बरा ट्रायपॉड.

पाल ठेवू की एनटीएससी (६० हर्ट्झवाली पद्धत)?

ट्यूबलाइट आसपास असेल तर पाल, उन्हात एनटीएससी, कारण १०० ऐवजी १२० आणि २०० ऐवजी २४० मिळतात. काही कॅमेरे बदलताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, आधी फुटेज उतरवून घ्या.

स्लो मोशनमध्ये आवाज का येत नाही?

जो कॅमेरा फाइल आधीच हळू करून देतो (आरएक्सचं हायस्पीड, बऱ्याच मिररलेसचा स्लो मोड) तो आवाज घेतच नाही. गोप्रो आणि आयफोन २४० चीच फाइल देतात, आवाजासकट, हळू तुम्ही नंतर करता. ढोलाचा आवाज हवाच असेल तर बाजूला दुसरा फोन नॉर्मल रेकॉर्डिंगला ठेवा.

पंख्याची पाती वाकडी आणि बॅट रबराची दिसते, हे काय?

रोलिंग शटर. सेन्सर वरून खाली ओळीने वाचला जातो, तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. नवे वेगवान सेन्सर पटकन वाचतात म्हणून कमी दिसतं, जुन्या आणि स्वस्त कॅमेऱ्यात जास्त. शटर वाढवून हे जात नाही, उलट जास्त स्पष्ट दिसतं.

माझ्या मुलाला चकर (हात वाकवून बॉल फेकणारा) म्हणतायत, स्लो मोशन काढून दाखवू का पंचांना?

नको. नियम १५ अंशांचा आहे, कोपर किती सरळ होतं त्याचा. एका बाजूने काढलेल्या व्हिडिओत हात वळताना वाकल्यासारखा दिसतो आणि खरा वाकलेला सरळही दिसू शकतो. आयसीसीच्या चाचण्या लॅबमध्ये अंगावर मार्कर लावून अनेक कॅमेऱ्यांनी होतात, आपल्याकडे चेन्नईच्या श्री रामचंद्र विद्यापीठात तशी लॅब आहे. तुमच्या व्हिडिओचा उपयोग कोचला दाखवून सुधारण्यापुरता. त्यासाठी कॅमेरा कोपराच्या उंचीवर, क्रीजच्या रेषेत, लांबून झूम करून, आणि दुसरा समोरून.

कार्ड कुठलं?

व्ही३० लिहिलेलं घ्या, जड मिररलेसला व्ही६०. १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्डिंग म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, व्ही३० किमान ३० ची हमी देतं, म्हणजे पुरतं. अडचण वेगाची नसून नकली मालाची असते. घरी आल्या आल्या एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून पूर्ण कार्ड भरून तपासा, १२८ लिहिलेलं १२८ निघतं का ते कळेल.

साध्या व्हिडिओला नंतर सॉफ्टवेअरने स्लो करता येत नाही का?

येतं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत ऑप्टिकल फ्लो (मधल्या फ्रेम अंदाजाने बनवणारी सोय) आहे, साडीचा पदर, ढग, चालणारा माणूस यांच्यावर छान चालतं. हात हातासमोरून गेला, पाणी उडालं, बॅट फिरली की चिखल. आणि जे दोन फ्रेमच्या मधे घडलं ते त्याने बघितलेलंच नसतं, तो अंदाज करतो. दिसायला ठीक, चूक शोधायला निरुपयोगी.

पावसात मरीन ड्राइव्हच्या लाटा शूट करायच्यात.

१२० ला कराच, लाट कठड्यावर फुटते तेव्हा पाण्याचा एकेक दाणा दिसतो. भरतीची वेळ आणि उंची आधी बघा, साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला खरी मजा, आणि पोलीस मागे व्हा म्हणाले की मागे व्हा. टेट्रापॉडवर उतरू नका, कुठल्याही शॉटसाठी नाही. उडणारं पाणी खारं असतं, घरी आल्यावर बॉडी ओलसर फडक्याने पुसून मग कोरडी करा, लेन्सवर कोरडा कपडा घासू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात.

मुंबईत कॅमेरा पाण्याने कमी आणि बुरशीने जास्त मरतो. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या बॅगेत ठेवलात तर लेन्सच्या आत जाळं धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल, पुड्यांचा रंग बदलला की तापवून परत, आणि बजेट असेल तर ड्राय कॅबिनेट ४०-५० टक्क्यांवर. एसीतून बाहेर काढताना अर्धा तास बॅगेतच राहू दे.

मुंबईत कुठून घेऊ? सेकंडहँड घेतला तर काय तपासू?

नवा घ्यायचा तर फोर्टात बोरा बाजारची गल्ली, दोन-तीन दुकानांत भाव विचारा, पक्कं बिल मागा, वॉरंटी भारतातली आहे का ते बिलावर लिहून घ्या. "बिलाशिवाय एवढे कमी" म्हणतात तिथे दुरुस्तीच्या वेळी तुम्ही एकटे पडता.

सेकंडहँडला फोनच्या टॉर्चने लेन्समध्ये तिरका उजेड टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का बघा, झूम पूर्ण आत-बाहेर करून ऐका, कर्रकर्र नको. मग हायस्पीड मोड लावून सलग वापरून बघा, कारण गरम होऊन बंद पडणारे नेमके त्याच मोडला पडतात. जुन्या कॅसिओसाठी बॅटरी आणि चार्जर सोबत आहे का ते आधी विचारा. कॅसिओने २०१८ ला हा धंदाच सोडला, त्यामुळे सुट्या भागांची आशा ठेवू नका. हौस म्हणून ईएक्स-एफ१ घ्या, कामासाठी नको.

जाहिरातीत असतं तसं, पाव हवेत फिरतोय, चटणी उडतेय, ते याने होईल?

ते फँटमसारख्या कॅमेऱ्याचं काम, फँटम फ्लेक्स ४के हजार एफपीएस ४केला काढतो, आणि ते विकत कोणी घेत नाही, दिवसाच्या भाड्याने माणसासकट येतो, वर लाइटचा ट्रक वेगळा. मधला पर्याय म्हणून कॅनडाचा क्रोनोस १.४ आहे, १२८० बाय १०२४ ला हजाराच्या वर, ग्लोबल शटर (पूर्ण चित्र एकदम वाचणारं), २०१६ ला किकस्टार्टरवर आलेला. तोही हौशी माणसाच्या बजेटबाहेर. पण वडापावचं २४० ला खिडकीजवळच्या उन्हात काढलेलं फुटेजही वाईट दिसत नाही, चटणी जरा कोरडी ठेवा म्हणजे दाणे सुटे उडतात.

सगळं नीट शूट केलं, पण इन्स्टावर टाकलं की स्लो दिसतच नाही किंवा झटके येतात.

तुम्ही २४० ची मूळ फाइल तशीच टाकलीत. अ‍ॅप त्यातल्या जास्तीच्या फ्रेम फेकून देतं आणि व्हिडिओ नॉर्मल स्पीडला चालतो. आधी एडिटरमध्ये ३० ची टाइमलाइन बनवा, क्लिपचा स्पीड साडेबारा टक्के करा (१२० असेल तर २५ टक्के), १०८० ला एक्सपोर्ट करा आणि मग टाका. पालवाले १०० चं फुटेज २५ च्या टाइमलाइनवर २५ टक्के. ३० वर टाकलंत तर अधूनमधून एक फ्रेम दोनदा येते, तो तुमचा झटका.